जयस्तंभ वाचायचा कधी?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की पुण्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे नगर रस्त्यावरच्या वाहतूक बदलांचं पत्रक: जड वाहनं चाकण–शिक्रापूरमार्गे, गाड्या अमुक पार्किंगला, तिथून पुढे पीएमपीच्या बस. दुसरी म्हणजे फोनवरची लढाई. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ‘पाचशे महारांनी पेशव्यांच्या अठ्ठावीस हजारांना लोळवलं’ असं टाकतो. त्याखाली दुसरा लिहितो, ‘इंग्रज जिंकलेच नव्हते, जरा अभ्यास करा.’ तिसरा विचारतो, ‘परक्यांच्या बाजूने लढणाऱ्यांचं कौतुक कशाला?’ मग ग्रुपचा ॲडमिन ‘कृपया राजकीय पोस्ट टाळा’ म्हणून सगळ्यांना गप्प करतो. २ जानेवारीला पत्रकाची मुदत संपते, लढाईही संपते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा लढाईची आठवण म्हणून पेरणे फाट्याला उभा असलेला स्तंभ मात्र पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसतो.

सरकारने गेल्या काही वर्षांत १ जानेवारीची व्यवस्था बरीच सुधारली, हे मान्य करायला हवं. लाखो माणसं येतात, अभिवादन करून परत जातात. पाणी, शौचालयं, रुग्णवाहिका, सीसीटीव्ही, सगळं असतं. पण ही गर्दीची सोय झाली. स्मारकाची सोय वेगळी, आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या स्तंभाशेजारी वर्षभर उघडं राहणारं एक दालन हवं. त्यात या लढाईची, या पलटणीची आणि या दगडाची सगळी कागदपत्रं आजच्या मराठीत मांडलेली असावीत. आणि गैरसोयीचं म्हणून त्यातलं काहीही गाळू नये. आकाराने लहान असलं तरी चालेल.

गैरसोयीचं काय, हे कळायला आधी लढाई बघू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांचा पराभव झाला, पंधरवड्यात पुणं गेलं आणि दुसरा बाजीराव फौज घेऊन बाहेर पडला. इंग्रजांचा जनरल स्मिथ त्याच्या पाठलागावर होता. डिसेंबरअखेरीस बाजीराव वळून पुण्याकडे येतोय अशी खबर आली, तेव्हा पुण्यातल्या कर्नल बरने शिरूरच्या छावणीतून कुमक मागवली. कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठला निघाला. बरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, शिवाय अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. सगळे मिळून ८३४. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही माणसं भीमेकाठी कोरेगावापाशी आली, तर समोर पेशव्यांची फौज.

ती फौज २८,००० ची होती, हे खरं. ती सगळी लढली नाही, हेही खरं. गावात घुसून हल्ले केले ते अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्यांनी. प्रत्यक्ष लढाईत उतरलेलं पायदळ दोनेक हजारांच्या घरातलं धरलं जातं. पुढचा दिवसभर मातीच्या भिंती, घरं आणि गल्ल्यांमधून झुंज चालली. नदीकडची वाट तुटलेली होती, त्यामुळे रात्रभर चाललेल्या माणसांच्या पोटात ना अन्न ना पाणी. अरबांनी एक तोफ काबीज केली. जबर जखमी झालेला लेफ्टनंट पॅटिन्सन बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्याने मारत पुढे घुसला, त्याच्यामागून शिपाई घुसले आणि तोफ परत मिळाली. तो पुढे त्या जखमांनी गेला. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला तेव्हा ८३४ पैकी २७५ जण मेलेले, जखमी किंवा बेपत्ता होते.

स्मिथ येऊन पोचेल या धास्तीने पेशव्यांची फौज निघून गेली. पण स्टाँटनही पुण्याला पोचला नाही. ज्या कामासाठी तो निघाला होता ते सोडून, जखमींना घेऊन तो शिरूरला परतला. म्हणजे पेशव्यांना एवढीशी पलटण मोडता आली नाही आणि पलटणीला पुणं गाठता आलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मात्र २६ मार्च १८२१ ला पायाभरणी करून साठ-पासष्ट फुटांचा दगडी स्तंभ उभारला आणि पूर्वेकडच्या ब्रिटिश फौजेच्या अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, असं त्यावर कोरून टाकलं. जेत्यांचे स्तंभ असेच बोलतात. वडगाव मावळात १७७९ साली मराठ्यांनी याच कंपनीला गुडघे टेकायला लावून तह लिहून घेतला, त्याबद्दल लंडनहून स्तंभ यायचं काही कारण नव्हतं.

तेव्हा ग्रुपवरचे तिघेही थोडे थोडे बरोबर असतात. भांडण चिघळतं तेही यामुळेच. निव्वळ थाप असती तर एका डिसेंबरात उघडी पडली असती. इथे प्रत्येकाच्या हातात एक खरा तुकडा आहे, आणि तोच अख्खा इतिहास आहे असं प्रत्येकाला वाटतं.

‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ या आकड्याबद्दल स्पष्टच लिहितो. तो लिहिणाऱ्यांच्या भावनेवर मला शंका नाही, पण तो आकडा विरोधकाच्या हातात आयतं कोलीत देतो. अठ्ठावीस हजार लढलेच नाहीत, पाचशेही सगळे महार नव्हते, असं दाखवलं की ऐकणाऱ्याला वाटतं बाकीचंही असंच फुगवलेलं असणार. ज्या तुकडीतला दर तिसरा माणूस दिवस मावळेपर्यंत पडला किंवा जायबंदी झाला आणि तरी जी हटली नाही, तिच्या शौर्याला वाढीव आकडे लागत नाहीत.

स्तंभावर कंपनीच्या फौजेत पडलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ने संपतात. महार शिपायांची नावं तेव्हा अशीच लिहिली जात. उरलेल्यांत नावांवरून अभ्यासकांनी मराठा, राजपूत, मुसलमान आणि एखाद-दुसरा ज्यूही ओळखला आहे. मुंबईच्या फौजेत कोकणातले बेने इस्राएल होतेच. म्हणजे ही पलटण मिश्र होती, आणि त्या मिश्र पलटणीत मेलेल्यांचा सर्वांत मोठा गट महारांचा होता. ही दोन्ही विधानं एका दमात म्हणता यायला हवीत. पहिलं म्हटलं की दुसरं पुसलं जातं असं मानण्यात काही अर्थ नाही. शिदनाक महाराचं नाव खर्ड्याच्या लढाईशी जोडलं जातं, आणि ते पेशव्यांच्या बाजूने. महार शिपाई दोन्हीकडे होते, मराठेही दोन्हीकडे होते.

पण म्हणून स्तंभाचं महत्त्व कमी होतं, असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर तो चुकतो. त्या दिवशी शिपाई कशासाठी लढले, हा एक प्रश्न. त्यानंतर लोकांनी त्या स्तंभाचं काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देताना बेताने बोलावं, कारण शिपायांचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. पगार, पलटणीची इभ्रत, शेजारच्याची साथ, सूड, सगळं असू शकतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदावर आहे, आणि ते माझ्या मते लढाईपेक्षाही मोठं आहे.

ज्या कंपनीने १८२१ मध्ये ही नावं दगडात कोरली, तिच्याच वारसदार सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा ‘लढवय्या जमाती’ नावाचं एक खूळ ब्रिटिश लष्कराच्या डोक्यात शिरलं होतं. कोणी लढायचं ते जातीवरून ठरायला लागलं. दापोलीच्या आसपास राहणाऱ्या निवृत्त सुभेदार-हवालदारांच्या मुलांना त्यामुळे एकदम दार बंद झालं. लष्कर म्हणजे नुसता पगार नव्हता. तिथे पलटणीची शाळा होती, पेन्शन होती, अंगावर सरकारी कपडे होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात शिक्षण कुठून आलं हे आठवलं तरी या बंदीने काय हिरावून घेतलं ते कळतं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. मग पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा, १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक, १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज. आमच्या लोकांनी तुमच्यासाठी रक्त सांडलंय, आता नोकरी का नाही, हा त्या अर्जांचा गाभा. आणि त्याचा सरकारनेच करून ठेवलेला पुरावा कोरेगावला उभा होता. सरकारला ती नावं खोटी म्हणता येईनात, कारण कोरून घेणारं सरकारच.

हा स्तंभ महार समाजाने सातबाऱ्यासारखा वापरला. ज्याच्याकडे दुसरा कुठलाच दाखला नाही असा माणूस असलेला एकच उतारा जपून ठेवतो आणि कचेरीत पुढे करतो, तसा. कंपनीच्या अभिमानाशी त्याचा संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली, स्तंभाच्या पायाभरणीला बरोबर शंभर वर्षं झाली होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा झाला, त्यातही कांबळे होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ल्यावरून गेला आणि तिथे खंजीर आला. आज १ जानेवारीला या रेजिमेंटचे निवृत्त जवान टोप्या घालून, पदकं लावून रांगेत मानवंदना देतात ते या इतिहासामुळे.

इथे एक गंमत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. कोरेगावला लढलेली पलटण महार रेजिमेंटची पूर्वज नाही. त्या पलटणीला या लढाईबद्दल ‘ग्रेनेडिअर’ हा किताब मिळाला आणि नावं बदलत बदलत तिचा वारसा आजच्या ग्रेनेडिअर्स रेजिमेंटकडे आला. तिचं केंद्र जबलपूरला. स्टाँटनबरोबरच्या घोडेस्वारांचा वारसा पूना हॉर्सकडे, म्हणजे १९६५ मध्ये तारापोर आणि १९७१ मध्ये खेत्रपाल यांनी ज्या रेजिमेंटसाठी परमवीर चक्र मिळवलं तिच्याकडे. म्हणजे लष्करी दफ्तरात कोरेगावचे वारस हे दोघे, आणि लोकांच्या मनात वारस तिसराच. या तिढ्यात कोणी खोटं नाही. पण हे सगळं एका जागी, एका भिंतीवर, सरळ मराठीत वाचायला मिळतं का? स्तंभावरचे लेख इंग्रजी आणि मराठीत आहेत, पण ती कंपनीची भाषा. तिथे असेल-नसेल त्या एखाद्या फलकाने हे काम भागत नाही. माणसं स्तंभासमोर फोटो काढतात, फुलं वाहतात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतात. आंबेडकरी समाजाची पुस्तक विकत घ्यायची सवय बाकीच्या महाराष्ट्राने घ्यावी अशी आहे, हे जाता जाता. पण दगड वाचायला जे हाताशी लागतं ते नसतं, मग तो ज्याचा त्याने आपापल्या फोनवरून वाचायचा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की फलकांनीच तर आग लावली. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस कोरेगावजवळच्या वढू बुद्रुकला, संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केले असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्या गोविंद गोपाळ यांच्या फलकावरून वाद झाला, फलक हटवला गेला, आणि तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, द्विशताब्दीच्या दिवशी कोरेगाव परिसरात हिंसाचार उसळला. एका तरुणाचा जीव गेला, गाड्या जळाल्या, दुकानं जळाली, नंतर महाराष्ट्र बंद झाला. मग चौकशी आयोग नेमला गेला. अशा ठिकाणी आणखी मजकूर लावायचा म्हणजे हात पोळून घेणं, असं एखाद्या अधिकाऱ्याला वाटलं तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण वढूच्या प्रसंगातून मी उलटा धडा घेतो. रिकाम्या जागेवर कोणीतरी फलक लावणारच आहे. सरकार लावत नाही म्हणून जागा मोकळी राहत नाही, ती गटांच्या हाती जाते. एका गटाचा फलक लागला की दुसरा तो काढायला येतो. पुरावे खाली छापलेला, सगळ्यांच्या सह्यांनिशी झालेला सरकारी मजकूर वादातून सुटेल असं नाही. पण त्याच्याशी वाद घालायचा तर दगड उचलून भागत नाही, कागद आणावा लागतो.

दुसरा आक्षेप देशभक्तीचा. परक्या सत्तेसाठी लढलेल्या पलटणीचं स्मारक कशाला मिरवायचं? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो सगळ्यांना विचारावा, एवढीच विनंती. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची, ती कंपनीच्याच मुंबई फौजेत उभी राहिली. तिला कोणी गद्दार म्हणत नाही आणि म्हणूही नये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिपाईगिरी हा पोटाचा धंदा होता, पेशव्यांचे अरबही पगारावरच लढत होते. राष्ट्र नावाची गोष्ट त्या माणसांच्या खिशात आपण आज घालायची आणि मग झडती घ्यायची, हा न्याय नव्हे. तसाही आपला मुलूख इतका कद्रू नाही. १७७९ च्या त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ मारल्या गेलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मावळाने ‘इष्टूर फाकडा’ केलं. वडगावात त्याची समाधी आहे आणि लोक तिला मानतात. शत्रूच्या कॅप्टनला फाकडा म्हणणाऱ्यांना कोकण-देशावरच्या गरीब शिपायांची नावं जड जाऊ नयेत. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक जणांच्या कबरी आहेत. एकेका दगडावर नाव, पलटण, तारीख. गेटपाशी नोंदवही. कोण कुठल्या बाजूचा आणि कुठल्या जातीचा, असं तिथे पुणेकर विचारत नाहीत. गवत मात्र छान राखलंय असं म्हणतात.

तिसरा आक्षेप आंबेडकरी चळवळीतून येतो आणि तो मला जास्त अवघड वाटतो. इतिहासाची छाननी नेमकी आमच्याच स्मारकाची का? बाकीच्यांच्या बखरी, पोवाडे, पुतळे यांना कोणी तळटीपा मागत नाही. आमची जागा आली की लगेच ‘दोन्ही बाजू’ लागतात. ही तक्रार खरी आहे. शनिवारवाड्यापासून सिंहगडापर्यंत गाइड लोक काय काय सांगतात ते आपण ऐकतो, आणि मुलांना घेऊन पुढे जातो. त्यामुळे हे दालन म्हणजे श्रद्धेची तपासणी असं वाटत असेल तर ते होऊ नये. अभिवादन आहे तसंच राहावं, त्याच्या वाटेत कुठलाही मजकूर येऊ नये. पण कांबळे आणि बाबासाहेब या दोघांनी स्तंभाकडे नुसतं भक्तीने पाहिलं नव्हतं. पुरावा म्हणून पाहिलं होतं. पुरावा जितका उघडा तितका त्याचा धाक जास्त. २२ नावं ४९ मध्ये दाखवली म्हणून लहान होत नाहीत. त्या पलटणीत इतर जातींच्या शिपायांबरोबर खांद्याला खांदा लावून महार उभा होता आणि मेल्यावर त्याच दगडावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिला गेला, हे गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या दृष्टीने केवढं होतं, हे पूर्ण यादी बघितल्याशिवाय कळायचं नाही.

हे काम करायला माणसं पुण्यातच आहेत. बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, इथे आहे आणि १ जानेवारीच्या आयोजनात ती असतेच. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पेरणे फाटा शहरापासून तीसेक किलोमीटरवर, म्हणजे दोन्ही बाजूंचे कागद एका दिवसात एका टेबलावर येऊ शकतात. स्तंभावरच्या लेखाचा आजच्या मराठीत पूर्ण मजकूर, लढाईचा नकाशा, ८३४ चा हिशेब, वलंगकर आणि कांबळ्यांच्या अर्जांच्या प्रती, १९४१ चा बिल्ला आणि त्याच्या शेजारी आजचा, एवढं तरी हवंच. २०१८ ही हवं. त्यात जे सिद्ध झालंय तेवढंच लिहावं, पण ते वर्ष नव्हतंच असं दाखवू नये. जबलपूरच्या ग्रेनेडिअर्स आणि सागरच्या महार रेजिमेंट, दोन्ही केंद्रांकडून त्यांच्याकडचं साहित्य मागवावं. कोरेगाव आणि पेरणे या गावांतल्या लोकांना सुरुवातीपासून समितीत घ्यावं, कारण १ जानेवारीनंतर तिथे राहायचं त्यांनाच आहे. आणि नावं दगडावर आहेत त्या क्रमाने लावावीत, जातवार गट पाडून नव्हे.

विकास आराखड्यांच्या घोषणा होत असतात. त्यांत भव्य हा शब्द फार येतो. भव्यतेची तिथे काही उणीव नाही, पासष्ट फुटांचा दगड पुरे आहे. दरवर्षी दिवाळी उलटली की जिल्हाधिकारी कार्यालयात शौर्यदिनाच्या बैठका सुरू होतात. पार्किंग, पाण्याचे टँकर, शौचालयं, वैद्यकीय पथकं, बस, सगळ्याचे आराखडे त्यांत ठरतात. त्यात दालनाचा एक विषय घालायला नवा कायदा लागत नाही, आणि पहिली बैठक या वर्षीही होईलच.